कॉमिक कॉनला स्केच विकायला बसताय? आधी हाताचं गणित करा

पुण्यात कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सवाल्यांची जत्रा, जवळ आलं की मला दरवेळी एकच प्रश्न येतो, ताई किती प्रिंट छापून नेऊ? विचारणारी कधी अभिनव कला महाविद्यालयाची पोरं असतात, कधी हिंजवडीत नोकरी करून रात्री जागून चित्रं काढणारी, पण सुरुवात सगळ्यांची प्रिंटपासूनच. मी उलटं विचारते, तुला एक स्केच काढायला किती मिनिटं लागतात आणि ती घड्याळ लावून मोजलीयेस का? बहुतेकांनी मोजलेली नसतात. आणि टेबलावरचं बाकी सगळं म्हणजे दर, प्रिंटची संख्या, रांग, संध्याकाळी ऑर्डर कधी बंद करायची, हे त्या मिनिटांवरूनच ठरतं, म्हणून हे सगळं त्याच क्रमाने लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या कॉमिक कॉनमध्ये प्रकाशकांचे, खेळण्यांचे, टीशर्टचे स्टॉल असतात आणि एका बाजूला चित्रकारांच्या टेबलांची गल्ली असते, तिला आर्टिस्ट अ‍ॅली म्हणतात. सॅन दिएगोचं कॉमिक कॉन १९७० पासूनचं, आपल्याकडे कॉमिक कॉन इंडिया २०११ साली दिल्लीत सुरू झालं आणि मग एकेक शहर करत पुण्यातही आलं. या गल्लीत माणूस थांबतो तो समोर बसून कोणीतरी काढतंय म्हणून. तयार प्रिंट त्याला इंस्टाग्रामवरूनही मागवता येते, पण आपल्या डोळ्यांदेखत कोऱ्या कागदावर आपला चेहरा, आपलं कुत्रं, आपला आवडता हिरो उमटताना बघायला मिळणं हे घरी कुरिअरने येत नाही. म्हणून स्केच हाच मुख्य माल, आणि तो माल तुमच्या मनगटातून निघतो, त्यामुळे तो मोजकाच असणार.

हाताचं गणित

तीन साइज ठेवा, जास्त नको. छोटं स्केच कार्ड म्हणजे पत्त्याएवढं, अडीच बाय साडेतीन इंच. मग ए५, आणि ए४. प्रत्येकाची पाच पाच स्केच काढा आणि प्रत्येकाचा वेळ लिहा, पेन्सिल टेकवल्यापासून सही करेपर्यंत, अधलं मधलं काही वगळायचं नाही. पण हे घरी शांत बसून मोजलंत तर आकडा खोटा येईल. रविवारी संध्याकाळी सारसबागेत जा, किंवा मंडईच्या बाहेर भाजीवाल्यांच्या मधे जागा बघून बसा, पॅड मांडीवर, आजूबाजूला गोंगाट, दोन पोरं मागून डोकावतायत, एक आजी विचारतायत काय काढताय हो, आणि तुम्ही उत्तर देता देता काढताय. हा खरा वेळ. ज्यांनी कॉलेजात फिरोदिया करंडकासाठी स्टेजवर प्रेक्षकांसमोर लाइव्ह चित्र काढलंय त्यांना हे पटकन कळेल, बघणारे डोळे पाठीवर असले की हात वेगळाच चालतो, कोणाचा जोरात आणि कोणाचा अगदीच सावकाश.

माझा हिशोब सांगते, तुमचा वेगळा येईल. घरी मला कार्डाला ७ मिनिटं, ए५ ला १८ आणि ए४ ला ४० लागतात. गर्दीत तेच १०, २५ आणि ६० होतात. आता कॉन समजा दिवसाला ९ तास चालू आहे, म्हणजे ५४० मिनिटं. त्यातून जेवण, पाणी, बाथरूमची रांग, पैसे घेणं, लोकांशी बोलणं, कोणाला काय हवंय ते समजून घेणं, चित्र पाऊचमध्ये घालणं हे सगळं वजा केलं की प्रत्यक्ष हात कागदावर असतो तो साडेपाच तास, म्हणजे ३३० मिनिटं. याहून जास्त मी धरत नाही. यात १२ कार्डं, ६ ए५ आणि एक ए४ बसतं, बरोब्बर ३३०. दोन दिवसांची २४ कार्डं, १२ ए५, २ ए४. संपलं. तिसाव्या कार्डाची ऑर्डर आली तर ती घ्यायला माझ्याकडे हातच नाही, मग गिऱ्हाईक कितीही गोड बोलो.

आणि हाताची काळजी हा यातलाच भाग आहे, वेगळा विषय नाही. ५० मिनिटं काढलं की ५ मिनिटं पेन खाली. उठून उभं राहायचं, खांदे फिरवायचे, बोटं पूर्ण ताणून सोडायची. बारीक पेन घट्ट धरून अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं, म्हणून पेनला रबराची जाड ग्रिप चढवा आणि मोठ्या रेषा मनगटातून न काढता कोपरातून, खांद्यातून काढायची सवय आधीपासून लावा. बोटांना मुंग्या यायला लागल्या तर तिथेच थांबायचं, रांगेत चार जण असले तरी. पहिल्या दिवशी हात पिळून काढलात तर दुसऱ्या दिवशी रेषा थरथरते आणि ती कोणालाही लांबून दिसते.

दर

आता मिनिटं कळली की दर लावणं सोपं. मी मिनिटाला २० रुपये धरून सुरुवात केली होती, म्हणजे कार्ड २००, ए५ ५००, ए४ १२००. वरच्या संख्येने दोन दिवसांचे होतात १३,२००. समजा टेबलाचं भाडं ८,००० आणि कागद, पाऊच, रिक्षा, जेवण मिळून २,५००, तर हातात राहिले २,७००. दोन दिवसांचे, आणि बरोबर मदतीला आलेल्या मैत्रिणीचेही त्यातच. हा कागद समोर मांडला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की स्वस्त दर लावून गर्दी जमवणं आपल्याला परवडतच नाही, कारण गर्दी वाढली तरी हात तेवढाच राहतो. दुकानदार स्वस्तात जास्त माल खपवून फायदा काढतो, आपल्याकडे जास्त माल नाहीच. आता मी मिनिटाला २५ च्या आसपास धरते, कार्ड २५०, ए५ ६००, ए४ १५००, त्याचे १६,२०० होतात. तुमचा दर तुम्ही ठरवा पण मिनिटावरून ठरवा, शेजारच्या टेबलावर बघून नको, शेजारचा कदाचित ४ मिनिटांत कार्ड काढत असेल.

प्रिंट किती छापायच्या याचं उत्तर इथे येतं. तुमचा हात चालू असताना जे विकलं जाऊ शकतं ते म्हणजे प्रिंट, पोस्टकार्ड, स्टिकर. त्यांनी भाड्याचा भार उचलायचा. रांगेत थांबलेला माणूस टेबल चाळतो आणि जाताना ५० चं पोस्टकार्ड घेतो. पहिल्या खेपेला ६० ते ६४ पोस्टकार्डं आणि २० ते २४ ए४ प्रिंट पुरे, ८ पेक्षा जास्त डिझाइन नको, उरलेला गठ्ठा घरी पलंगाखाली जातो आणि पावसाळ्यात दमट हवेने त्याच्या कडा वळतात.

दराची पाटी मोठी करा. मराठीत आणि इंग्रजीत, चार फुटांवरून वाचता येईल अशी, आणि शेजारी प्रत्येक साइजचं एक खरं स्केच चिकटवलेलं. किंमत विचारायला लाजणारी माणसं भरपूर असतात, ती न विचारताच पुढे जातात. आणि हो, घासाघीस होणार. आपण सगळे तुळशीबागेत वाढलोय, एवढ्याशा कागदाचे अडीचशे का हा प्रश्न येणारच आणि त्यात विचारणाऱ्याचा काही अपमान करायचा हेतू नसतो. मी शांतपणे सांगते, काका हे मी आत्ता तुमच्यासमोर दहा मिनिटं बसून काढणार, दुसरं असं होणार नाही, आणि छापील हवं असेल तर हे पन्नासचं आहे. दर कमी करायचा नाही, छोटा पर्याय पुढे करायचा. एकाला दोनशेत दिलंत की रांगेतल्या पाच जणांनी ते ऐकलेलं असतं. ओळखीच्यांनाही तेच, मित्र आला तर त्याला चहा पाजा, पण स्केच पाटीवरच्या दरानेच.

पैसे आधी घ्यायचे. पूर्ण. पेन्सिल टेकवायच्या आधी. मी हे पहिल्या वर्षी केलं नाही आणि तीन ए५ काढून तयार झाल्यावर माणसं परत आलीच नाहीत, कोणी ट्रॅफिकच्या भीतीने लवकर निघालं असेल, कोणाची मुलं कंटाळली असतील. कोणी फसवलं असं नाही म्हणणार, पण ७५ मिनिटं माझी गेली.

काय काढायचं आणि कशाला हात लावायचा नाही

लोक येतात ते ओळखीचे हिरो मागायला, परदेशी मुखवटेवाले, जपानी अ‍ॅनिमेतले. फॅन आर्टची, म्हणजे दुसऱ्याचं पात्र आपल्या हाताने काढायची, सवय सगळ्या जगात आहे आणि कॉनमध्ये ती दिसतेच, पण ती चालवून घेतली जाते म्हणून ती आपल्या हक्काची होत नाही. पात्र कंपनीच्या मालकीचं असतं, नाव आणि लोगो अनेकदा ट्रेडमार्क असतात. म्हणून मी ठरवलेलं असं, छापील प्रिंट फक्त माझ्या स्वतःच्या चित्रांच्या, लोगो कुठेच नाही, दुसऱ्या कोणाची पोझ ट्रेस करायची नाही. आयोजकांचे नियमही प्रत्येकाचे वेगळे असतात, अर्ज भरतानाच नीट वाचा.

ज्या चित्रांचा कॉपीराइट संपलाय ती मात्र खुली आहेत. आपल्याकडे तो चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं चालतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांच्या देवी, शकुंतला, दमयंती सगळं खुलं आहे आणि त्यांचा छापखाना तर पुढे इथेच लोणावळ्याजवळ मळवलीला होता. त्यांच्या मांडणीवरून मी कॉमिकच्या चौकटींसारखी एक मालिका केली होती, ती अजून विकली जाते. पण त्याहून चांगलं काय चालतं सांगू का, पुणं. वाड्याची चौकट, पीएमपीएमएलच्या बसच्या दारात लटकलेला सुपरहिरो, मस्तानीचा ग्लास घेऊन बसलेला राक्षस, पाटी वाचून परत फिरलेला परग्रहावरचा माणूस. हे दुसऱ्या शहरातून आलेल्या आर्टिस्टकडे नसतं. आणि माणसं हसून थांबतात, थांबली की रांग लागते.

चित्र लांबून कळलं पाहिजे हे कुठे शिकायचं तर हास्यचित्रकार शि. द. फडणीसांची चित्रं समोर ठेवा. १९२५ साली जन्मलेले, पुण्याचे, आणि बहुतेक चित्रांत एक शब्द नाही तरी आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतं. आपण शंभर बारीक रेषा घालत बसतो आणि चार फुटांवरून तो नुसता करडा डाग दिसतो. बालेवाडीला आर. के. लक्ष्मण संग्रहालय आहे तिथे एकदा वही घेऊन जा, ब्रशचा फटका कुठे जाड होतो आणि कुठे सोडून दिलाय ते बघा. जलद काढायचं म्हणजे काय वगळायचं हे तिथे उभं राहून जेवढं कळतं तेवढं मला कुठल्या व्हिडिओतून कळलं नाही.

आता एक गोष्ट, ऑर्डर घेताना परत बोलून दाखवण्याची. एकदा पन्नाशीचे एक काका आले, म्हणाले वेताळ काढून द्याल का, ए४. मला वाटलं वेताळ म्हणजे आपला वेताळ, टेकडीवरचा, झाडाला लटकणारा, मी खूश होऊन पाऊण तास खपले, वडाच्या पारंब्या, मोकळे केस, सगळं. काकांचा चेहरा पडला. त्यांना इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ म्हणजे फँटम हवा होता, जांभळ्या पोशाखातला, कवटीची अंगठीवाला, त्यांच्या लहानपणचा. ती कॉमिक्स १९६४ पासून निघत होती आणि मराठीतही यायची, एका पिढीच्या मनात वेताळ म्हणजे तोच. मी दुसरं काढून दिलं, पैसे न घेता, आणि त्या दिवसाचे दोन तास त्यात गेले. तेव्हापासून मी वहीत लिहून गिऱ्हाईकाला वाचून दाखवते आणि मोबाइलवर रेफरन्स फोटो समोर ठेवते, हाच ना, हाच पोशाख ना, अर्धा की पूर्ण, एकटा की बरोबर कोणी. एक मिनिट जातं.

माणसांचे चेहरे काढत असाल तर कायद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा जी फारच कमी जणांना माहीत असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन तुमच्याकडून पोर्ट्रेट किंवा पेंटिंग करून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर त्याचा पहिला कॉपीराइट करून घेणाऱ्याकडे जातो, काढणाऱ्याकडे नाही. म्हणजे तेच चित्र तुम्ही पुढे प्रिंट करून विकायला गेलात तर हक्क तुमचा नसतो. म्हणून माझ्या पावतीवर खाली एक ओळ छापलेली आहे, या चित्राचे पुनर्मुद्रणाचे हक्क चित्रकाराकडे राहतील, आणि तिथे गिऱ्हाईकाची सही घेते. कोणाला ते नको असेल, स्वतःच्या मुलीचं चित्र आहे म्हणून, तर ती ओळ त्यांच्यासमोर खोडते. दोघांना माहीत असलं की झालं.

कागद, शाई, छपाई

स्केचला २०० ते २५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड) गुळगुळीत कागद. मार्कर वापरणार असाल तर कागद आधी तपासा, अल्कोहोल मार्कर पातळ कागदातून आरपार जातो आणि खालच्या चित्राची वाट लावतो. आउटलाइनला पिगमेंट शाईचे पेन, मायक्रॉन, युनि पिन वगैरे, वाळल्यावर ते पाण्याने फुटत नाहीत, पण वाळू द्यावं लागतं, घाईत मार्कर फिरवला की काळं पसरतं. त्या वेळात मी पुढच्या चित्राची पेन्सिल करते. कोळसा आणि मऊ पेन्सिल कॉनमध्ये टाळाच, बॅगेत घासून पुसलं जातं आणि हॉलमध्ये चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सेटिव्हचा फवारा मारणं शेजारच्यांना त्रासाचं आहे.

खरेदीला अप्पा बळवंत चौक, कागद आणि पेनं हातात घेऊन, घासून बघता येतात. सकाळी जा आणि गाडी घेऊन जाऊ नका. पारदर्शक चिकटपट्टीचे पाऊच, पुठ्ठा, चिमटे, दोरी, टेप असलं सगळं रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास घाऊक मिळतं, शंभराच्या गठ्ठ्यात घेतलं की एकेकाला पडणारी किंमत नगण्य होते. प्रत्येक स्केच पाऊचमध्ये, मागे पुठ्ठा, नाहीतर ते गर्दीत दुमडतं. साइज ए४ आणि ए५ ठेवण्याचं कारणही हेच, फ्रेम कुठल्याही दुकानात तयार मिळते, वेगळ्या साइजला गिऱ्हाईकाला चित्राइतकेच पैसे फ्रेमला घालावे लागतात.

छपाईला पेठांमध्ये प्रेसची कमी नाही. डिजिटल प्रेसवर १२ बाय १८ इंचाच्या शीटच्या हिशोबात बोला, एका शीटमध्ये दोन ए४ किंवा आठ पोस्टकार्डं बसतात, म्हणजे वर सांगितलेला सगळा माल २० शीटमध्ये होतो. फाइल ३०० डीपीआयची, ए४ ला २४८० बाय ३५०८ पिक्सेल, आणि सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, करून घ्या कारण स्क्रीनवरचा झगझगीत निळा, जांभळा आणि पोपटी छपाईत येतच नाही, मातकट होतो. आधी एक प्रूफ काढून उन्हात नेऊन बघा. एका प्रेसने मला आदल्या रात्री सगळा गठ्ठा इतका गडद दिला होता की रात्रीचं दृश्य असलेली दोन डिझाइन वाचताच येत नव्हती, आणि दुरुस्तीला वेळ नव्हता. आता मी माल दहा दिवस आधी हातात ठेवते.

टेबल

बुकिंग करताना विचारून घ्या, टेबल केवढं, खुर्च्या किती, पास किती जणांचे, वीज आहे का, मागे काही उभं करायला परवानगी आहे का, आणि आदल्या दिवशी सामान लावता येतं का. वीज नसेल तर चार्जिंगवाला क्लिपचा दिवा न्या, मोठ्या हॉलमध्ये वरचा उजेड पिवळट असतो आणि तुमच्याच हाताची सावली कागदावर पडते.

टेबलावर सपाट पसरलेलं चित्र फक्त त्यालाच दिसतं जो आधीच टेबलाशी आलाय. लांबून येणाऱ्याला दिसतं ते उभं लावलेलं. जाळीचे दोन ग्रिड चिमट्यांनी टेबलाला घट्ट बसवा, डोळ्यांच्या उंचीला सर्वांत मोठं चित्र, आणि मधे मोकळी जागा सोडा जिथून तुमचा हात दिसेल. ही जागा अडवू नका! स्टँड, ढीग, पाण्याची बाटली, सगळं बाजूला. मी पॅड जरा तिरका ठेवते, समोरच्याला कागद दिसेल असा. एक जण बघत उभा राहिला की त्याच्या मागे दुसरा येतो, हे दरवेळी होतं. बाटली मात्र जमिनीवरच, टेबलावर कधीच नाही.

बरोबर एक माणूस हवाच. एकट्याने बसून काढणं, पैसे घेणं, बोलणं आणि बाथरूमला जाणं होत नाही. जो येईल त्याला वही आणि दर पाठ असले पाहिजेत, आणि त्याच्या जेवणाखाणाची सोय तुम्ही करायची.

रांग

खरी परीक्षा दुपारी तीनला असते. मी साधी दोनशे पानी वही ठेवते, रकाने आखलेली, नंबर, नाव, फोन, साइज, विषय, पैसे मिळाले, किती वाजता न्यायला या. गिऱ्हाईकाला नंबरची चिठ्ठी द्यायची. न्यायला बोलवताना वेळ सांगताना स्वतःच्या हिशोबात पाव तास जास्त धरायचा, लवकर झालं तर फोन करता येतो, उशीर झाला तर तुमच्या टेबलासमोर सात माणसं घड्याळाकडे बघत उभी राहतात आणि तसं बघत असताना चेहरा नीट निघत नाही. सकाळीच वहीत त्या दिवसाच्या १२, ६ आणि १ अशा रिकाम्या ओळी आखून ठेवा. ओळी भरल्या की पाटी फिरवायची, आजच्या ऑर्डर बंद, उद्या सकाळी या, प्रिंट चालू. संध्याकाळी बंद व्हायच्या दोन तास आधी ओळी शिल्लक असल्या तरी ए४ घ्यायचं थांबवा, कार्डं घ्या.

घरी काढून कुरिअरने पाठवतो असं सांगून ऑर्डरी घेण्याचा मोह होतो. घ्या, पण पाचच्या वर नको, आणि तारीख वहीत लिहून द्या. कॉन संपल्यावर सोमवारी ऑफिस असतं, थकवा असतो आणि वीस राहिलेली स्केच मानगुटीवर बसतात.

लहान मुलं आली तर त्यांना आधी घ्यायचं असा माझा नियम आहे, रांगेतल्या मोठ्यांना विचारून, आणि आजपर्यंत कोणी नाही म्हटलं नाही. मुलगा पाच मिनिटंच एका जागी बसतो, म्हणून फोटो काढून घ्या आई बाबांना विचारून, आणि त्यावरून काढा. कॉस्प्लेवाल्यांचंही, म्हणजे पात्रांचा वेश करून येणाऱ्यांचंही, तसंच, त्यांनी महिनोन् महिने खपून ते चिलखत केलेलं असतं, परवानगी घेतल्याशिवाय ना फोटो काढायचा ना अंगावरच्या कशाला हात लावायचा. आणि त्यांचं स्केच काढताना फक्त पात्र काढू नका, त्यांचा चेहरा, त्यांनी स्वतः शिवलेला पट्टा, रंगवलेली तलवार काढा. असं चित्र ते लगेच स्टोरीला टाकतात आणि तासाभरात त्यांचे चार मित्र टेबलावर येतात.

पैसे आणि हिशोब

यूपीआयचा क्यूआर दोन ठिकाणी लावा, एक टेबलावर आणि एक वर ग्रिडला, आणि पैसे आल्याचा मेसेज स्वतःच्या फोनवर बघितल्याशिवाय वहीत टिक करायची नाही. गर्दीत नेटवर्क बसतं, त्यामुळे वेगळ्या कंपनीचं सिम असलेला दुसरा फोन असू द्या आणि सुट्टे न्या, ५० आणि १०० च्या नोटा मिळून हजार दीड हजार तरी. रोख पैसे कमरेच्या पाऊचमध्ये, टेबलावरच्या डब्यात नाही. महाराष्ट्रात स्वतःचाच माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, आपण बहुतेक सगळे त्याच्या खूपच खाली आहोत. दुसऱ्या राज्यातल्या कॉनला जाणार असाल तर नियम वेगळे लागतात, आधी सीएला फोन करा.

पहिल्या रात्री घरी आलं की कितीही झोप आली असली तरी वही उघडायची. किती कार्डं झाली, कुठल्या साइजला माणसं बघून परत गेली, कुठलं पोस्टकार्ड संपलं, कुठल्याला कोणी हातही लावला नाही. न विकलेलं डिझाइन दुसऱ्या दिवशी खाली लावा आणि संपत आलेलं वर. हाताला कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा आणि मोबाइल बाजूला, कारण स्क्रोल करताना तोच अंगठा चालतो. सकाळी निघायच्या आधी दोन पानं नुसत्या रेषा आणि गोल काढून हात मोकळा करायचा, मगच टेबलावर पहिलं कार्ड.

दुसरा दिवस संपल्यावर उरलेला माल, पाऊच, चिमटे मोजून एका खोक्यात भरा आणि खोक्यावर आकडे लिहा. मंगळवारपर्यंत हाताला पूर्ण सुट्टी, बुधवारी कुरिअरच्या ऑर्डरी काढायला बसा. आणि बसलात की घड्याळ लावा, कारण या वेळचे आकडे गेल्या वेळपेक्षा बदललेले असतील आणि पुढच्या कॉनचा दर त्यावरूनच लावायचाय.